दोन फुटी टाकीत कोणते मासे ठेवावेत? आधी ओळखा, मग घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: चेंबूरच्या वन-बीएचकेत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी आणली आहे. दुकानदाराने दोन शार्क, दोन गोल्डफिश, एक एंजल, चार निऑन आणि काच साफ ठेवायला एक सकर असा 'सेट' सुचवला आहे. हे घ्यावेत का? आणि घ्यायचे नसतील तर दुकानात उभं राहून योग्य मासा ओळखायचा कसा?

हा सेट घेऊ नका. यातला एकेक मासा वाईट नाही, पण या टाकीत आणि एकमेकांसोबत ते जगणार नाहीत. दुकानात सगळे मासे दीड-दोन इंचांचे दिसतात, कारण ती पिलं असतात. त्यामुळे खरेदीचा पहिला प्रश्न "हा केवढ्याला?" असा नसावा. "हा नक्की कोणता मासा, आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?" असा असावा. याचं उत्तर मिळालं नाही तर तो मासा त्या दिवशी घ्यायचा नाही, कितीही आवडला तरी.

आधी टाकीचा हिशेब करू. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. २४ × १२ × १२ म्हणजे साधारण ५६ लिटर. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास. काच, खडी आणि पाणी मिळून वजन साठ किलोंच्या पुढे जातं. म्हणून टाकी शोकेसच्या लांब फळीच्या मध्यावर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या आणि टाकीखाली थर्माकोल घाला.

आता सेटमधला एकेक मासा बघू.

चंदेरी अंग, बाजूने काळपट पट्टे आणि सतत वर-खाली पळणारा तो 'शार्क' म्हणजे पंगास. हॉटेलात 'बासा' म्हणून येतो तोच, शेततळ्यात वाढवला जाणारा. तो मीटरभर वाढू शकतो. नजरेने कमजोर आणि स्वभावाने घाबरट असल्यामुळे दिवा लावला तरी दचकतो आणि काचेवर आपटून नाक फोडून घेतो. त्याचाच गुलाबी-पांढरा प्रकार 'अल्बिनो शार्क' म्हणून विकतात. सिल्व्हर शार्क वेगळा. त्याचे खवले मोठे आणि चकचकीत असतात, परांना काळी किनार असते, आणि तोही फूटभर होतो. काळं अंग आणि लाल शेपटीचा रेड टेल शार्क पाच-सहा इंचांवर थांबतो, पण इतरांना टाकीभर पळवतो. तिघांपैकी एकही तुमच्या टाकीचा नाही.

गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, कार्पच्या घराण्यातला मासा. मुंबईत तो जगतो, पण मे महिन्यात त्याचे हाल होतात. तो खातो भरपूर आणि त्याच प्रमाणात घाण करतो. दुहेरी शेपटीचे ओरांडा, रयुकिन, ब्लॅक मूर सहा-आठ इंच होतात. सरळ एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश फूटभरही होतो. एका जोडीला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. गोल भांड्यात तर तो मुळीच ठेवू नये. आणखी एक सांगतो: गोल्डफिशच्या ढिगात कोईची पिलं सर्रास मिसळलेली असतात. तोंडाच्या कोपऱ्यांकडे बघा. बारीक मिशा दिसल्या तर कोई, नसतील तर गोल्डफिश. कोई दोन फुटांच्या वर जातो, तो बागेतल्या तळ्याचा मासा आहे.

एंजलला लांबीपेक्षा उंची जास्त लागते. वरचा पर आणि खालचे लोंबते पर धरले तर पूर्ण वाढलेला एंजल आठ इंच किंवा जास्त उंच होतो. त्याला निदान दीड फूट उंचीची टाकी हवी. आज तो निऑनच्या शेजारी शांत पोहताना दिसेल. पण सहा-आठ महिन्यांनी त्याचं तोंड मोठं झालं की निऑन एकेक करून कमी होत जातील. ही त्याची निसर्गातली सवय आहे. त्यात एंजलचा दोष नाही, दोष जोडी लावणाऱ्याचा.

आणि सकर. 'काच साफ करतो' म्हणून जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीत हा जातो. ठिपक्यांचा साधा सकर दीड फुटापर्यंत वाढतो, आणि साफ करतो त्यापेक्षा जास्त विष्ठा टाकतो. त्याचा पाठीवरचा पर शिडासारखा मोठा असतो आणि त्यात नऊ किंवा अधिक काटे-शिरा मोजता येतात. ब्रिसलनोज नावाचा त्याचा लहान भाऊबंद पाच इंचांवर थांबतो. त्याचा पर आखूड असतो, शिरा सात-आठ, डोकं रुंद आणि चपटं, आणि वयात आलेल्या नराच्या थोबाडावर मांसल काटे येतात. सकर घ्यायचाच असेल तर हाच घ्या, तोही तीन फुटी टाकीत. काचेवरचं शेवाळ तुमच्या टाकीत चुंबकी ब्रशने दोन मिनिटांत निघतं.

'शेवाळ खाणारा' म्हणून आणखी तीन लांबट, काळ्या पट्ट्याचे मासे मिळतात आणि तिघांची सरमिसळ रोजचीच आहे. ते ओळखण्यासाठी काचेजवळ डोळा नेऊन पट्टा बघावा लागतो. खरा सयामी अल्गी ईटर असेल तर काळा पट्टा नाकापासून निघून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो, पट्ट्याची कड करवतीसारखी दातेरी असते आणि बाकीचे पर काचेसारखे पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्सचा पट्टा गुळगुळीत असतो, त्याच्या वर सोनेरी रेघ असते आणि पोटाखालच्या परांवर काळे डाग व पांढरी किनार असते. तो मोठेपणी भांडखोर होतो. तिसरा चायनीज अल्गी ईटर. त्याचं तोंड खाली, चोषकासारखं असतं, त्यामुळे तो काचेला चिकटून बसतो. बाकीच्या दोघांना असं चिकटता येत नाही. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडतो. सोनेरी रंगात हाच सगळ्यात जास्त विकला जातो. पहिला मासा उत्तम, पण सहा इंच होतो, म्हणून तोही मोठ्या टाकीचा.

राहिले निऑन. जात चांगली आहे, पण मुंबईसाठी त्याचा भाऊ कार्डिनल जास्त योग्य. दोघांना वर निळी चमकती पट्टी आणि खाली लाल. निऑनची लाल पट्टी पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, म्हणजे अर्धीच असते. कार्डिनलची लाल पट्टी कल्ल्याजवळून शेपटीपर्यंत सलग जाते. निऑनला २२ ते २५ अंशांचं पाणी मानवतं. कार्डिनल २८-२९पर्यंत बरा राहतो, आणि आपल्याकडे वर्षातले बरेच महिने टाकीचं पाणी तेवढंच असतं. कार्डिनल थोडा महाग पडतो, पण उन्हाळा काढतो. आणि चार नकोत, निदान आठ घ्या. हे थव्याने राहणारे मासे आहेत. संख्या कमी असली की कोपऱ्यात दबून राहतात, रंग फिका पडतो.

आता तुमच्या पाण्याबद्दल. मासा निवडताना लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या तलावांतून येतं. त्यामुळे ते मऊ असतं, क्षार कमी असतात. टेट्रा (निऑन आणि कार्डिनल याच गटातले), रासबोरा, गुरामी आणि तळाला राहणारे कोरिडोरास यांना हे पाणी फार मानवतं. मॉलीला मात्र मानवत नाही. मऊ पाण्यात ती एकाच जागी अंग डोलवत राहते, पर मिटते आणि काही आठवड्यांत जाते. लोकांना वाटतं रोग झाला, पण तो पाण्याचा परिणाम असतो. मॉली हवीच असेल तर फिल्टरमध्ये शिंपल्यांचा किंवा पोवळ्यांचा चुरा मलमलच्या पिशवीत ठेवा. गप्पी आणि प्लॅटी यांनाही त्याचा फायदा होतो. तुमच्या सोसायटीत बोअरिंगचं किंवा उन्हाळ्यात टँकरचं पाणी मिसळत असेल तर सगळं गणित बदलतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, तो घेऊन नळाचं पाणी जानेवारीत आणि मे महिन्यात मोजा. आकडा शंभरच्या आसपास असेल तर मऊ पाण्याचे मासे निर्धास्त घ्या. चारशे-पाचशेच्या पुढे जात असेल तर टेट्रांचा नाद सोडा आणि गप्पी, प्लॅटी, मॉली ठेवा.

क्लोरीन काढायला बादलीत पाणी चोवीस तास उघडं ठेवा, शक्य असेल तर त्यात बबल सोडा. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. पहिल्या जोरदार पावसात नळाला गढूळ पाणी येतं. तेव्हा दोन-तीन दिवस पाणी बदलू नका.

मुंबईत हिटरची गरज जवळजवळ नसते, फक्त रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत टाकी असेल तर लागतो. खरी अडचण उष्णतेची. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. नेमका त्याच वेळी माशाला जास्त लागतो. म्हणून मे महिन्यात एअर पंप रात्रीही बंद करू नका, झाकणाऐवजी जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान झपकन खाली-वर झालं की दुसऱ्याच आठवड्यात माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. थंडीची आवड असलेले मासे इथे टाळलेलेच बरे. त्यात आपल्या सह्याद्रीतला देखणा 'मिस केरळ'ही येतो. तो वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांतला आहे, पाच-सहा इंच होतो आणि निसर्गात त्याची संख्या धोक्यात आहे. दोन फुटी टाकीत त्याला कोंडू नये.

तुमच्या टाकीसाठी माझी निवड सांगतो. मधल्या थरात आठ कार्डिनल किंवा आठ हार्लेक्विन रासबोरा, दोन्ही एकत्र नकोत. पहिल्यांदाच टाकी लावताय तर हार्लेक्विन घ्या, तो जास्त चिवट. केशरी-गुलाबी अंग आणि मागच्या अर्ध्या भागात काळा त्रिकोण, ही त्याची खूण. वरच्या थरात हनी गुरामीची एक जोडी. ती दोन इंचांची, शांत आणि मूळची आपल्याच उपखंडातली. लाल-निळ्या तिरक्या पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी जास्त उठून दिसतो, पण शेतीत वाढवलेल्या ड्वार्फ गुरामीत एक विषाणू पसरलेला आहे. त्यावर औषध नाही. मासा सुंदर दिसतो आणि महिन्याभरात फुगून मरतो. 'गुरामी' या एकाच नावाखाली जायंट गुरामीची पिलंही विकतात, ती दोन फुटांची होतात, म्हणून जात विचारून घ्या. तळाला सहा लहान कोरिडोरास, पण खडी टोकदार नको. बारीक गोल वाळूच हवी, नाहीतर त्यांच्या मिशा झिजून सडतात. कोरिडोरासमध्ये स्टर्बाय जात उष्णता सोसते. राखाडी डागांची पेपर्ड जात सोसत नाही.

मुलांना पिलं बघायची हौस असेल तर सगळंच बाजूला ठेवा आणि फक्त गप्पी पाळा. नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा बारीक असतो, मादीचा पंख्यासारखा, आणि तिच्या पोटाच्या मागच्या भागात काळसर डाग दिसतो. दर नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दमवून मारतात. मादी पंचवीस-तीस दिवसांनी पिलं देते, आणि एकदा नराजवळ राहिली की नर नसतानाही पुढचे काही महिने देत राहते. एवढी पिलं नको असतील तर फक्त रंगीत नर घ्या, आठ-दहा. महापालिका डासांच्या अळ्यांसाठी विहिरींत सोडते ते गप्पी याच जातीचे, फक्त साधे, करड्या रंगाचे.

फायटर सुंदर आहे आणि मुंबईच्या उकाड्यासाठीच जणू बनलेला आहे, कारण तो पाण्यावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. पण तो एकटा ठेवायचा. वीस लिटरची झाकण असलेली टाकी, संथ फिल्टर. त्याला लांब शेपटीच्या गप्पींसोबत किंवा गुरामींसोबत ठेवू नका.

काही मासे ओळखून टाळायचे आहेत. 'पिरान्हा' म्हणून मिळणारा लाल पोटाचा मासा बहुतेक वेळा पाकू असतो, मासळी बाजारात रूपचंद म्हणून येतो तो. पिरान्ह्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात त्रिकोणी असतात. पाकूचे दात चौकोनी, माणसाच्या दाढांसारखे. तो दोन फुटांच्या वर जातो. गडद गुलाबी, जांभळा, हिरवा असे भडक पट्टे असलेला पारदर्शक ग्लास फिश कधीही घेऊ नका. तो रंग सुईने टोचून भरलेला असतो, काही महिन्यांत उतरतो, आणि टोचल्यामुळे बरेच मासे आधीच दगावतात. मूळ ग्लास फिश काचेसारखा स्वच्छ असतो आणि तसाच छान दिसतो. भरभराटीसाठी म्हणून दिला जाणारा सिल्व्हर अरोवाना तीन फुटांचा होतो. फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा एकट्यालाच दोनशे लिटर मागतो.

आता दुकानातली तपासणी. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ल्याचा पहाटेचा बाजार असो की गल्लीतलं दुकान, रीत तीच. आधी मासा बघू नका, त्याची टाकी बघा. एकही मेलेला किंवा तळाशी कलंडलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काहीही घेऊ नका, निरोगी दिसणारंसुद्धा. त्या दुकानात सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरते का, तेही बघा. मग दोन मिनिटं नुसतं उभं राहा. पर अंगाला चिकटलेले, पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप, कल्ले भराभर हलणं, खडीला अंग घासणं ही आजाराची चिन्हं. पोट आत गेलेलं असेल तर घेऊ नका. खवले कणसाच्या दाण्यांसारखे उभे राहिले असतील तर तो मासा वाचत नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. मीठ भुरभुरल्यासारखे ठळक कण म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि सोनेरी धुळीसारखा थर म्हणजे वेल्व्हेट नावाचा रोग. एक अपवाद ध्यानात ठेवा: नर गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या काळात पांढरे ठिपके येतात, तो रोग नाही. गप्पीच्या गुदद्वाराशी लाल दोरे लोंबताना दिसले तर ते जंत आहेत, आणि ते अख्ख्या टाकीत पसरतात.

दुकानदाराला समोर थोडं खाणं टाकायला सांगा. धावून येणारा मासा घ्या. "माल कधी आला?" हेही विचारा. बराचसा माल कोलकात्याहून आणि चेन्नईहून येतो. प्रवासाने थकलेले मासे पहिल्या चार-पाच दिवसांतच मरतात. आल्यावर आठवडाभर दुकानात टिकलेले मासे घेतलेत तर ते नुकसान तुमच्या घरी होणार नाही. चांगला दुकानदार हे प्रश्न ऐकून वैतागत नाही.

पण मासे आजच आणू नका. टाकी लावून फिल्टर सुरू करा आणि थांबा. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, ते सडून जिवाणूंना अन्न मिळतं. कोणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. नव्या टाकीतले मासे दुसऱ्या आठवड्यात पटापट मरतात, ते बहुतेक या अमोनियानेच. उन्हाळ्यात तो आणखी विषारी ठरतो.

मग आधी रासबोरा आणा. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, नंतर दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी पिशवीत घाला, अर्धा तास. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. दोन-तीन आठवडे सगळं ठीक राहिलं तर कोरिडोरास आणा, आणि आणखी तेवढ्याच दिवसांनी गुरामी. हे नंतर येणारे मासे आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत किंवा छोट्या टाकीत एअर स्टोन लावून ठेवा, घरातले निरोगी मासे वाचतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुतलात तर जिवाणू मरतात.

चुकून मोठा होणारा मासा घरी आला असेल तर दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. पवई तलावात किंवा ओढ्यात सोडू नका. सकर आपल्या देशातल्या अनेक नद्या-तलावांत असाच पसरला आहे, आणि तिथल्या मूळच्या माशांना तो जड जातोय.

गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर वर सुचवलेले पूर्ण वाढलेले, धष्टपुष्ट मासे खाण्याविना राहतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला, दिवा बंद ठेवा, फिल्टर आणि पंप चालू ठेवा. वीज जाण्याची भीती असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून जा. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगायचंच असेल तर एका वेळच्या छोट्या पुड्या बांधून द्या, दोन दिवसांआड एक, आणि खाण्याचा डबा कपाटात ठेवून जा.